कळ एक, कार्यें दोन

टंकलेखन यंत्रावर ‘एस’ची कळ दाबली, कीं कागदावर ‘एस’ उमटतें. दुसरें कांहीं घडत नाहीं. संगणकावरील ‘व्हीआय’ नामक संपादकाची रीत मात्र निराळी आहे. तेथें तीच कळ एका अवस्थेंत अक्षर लिहिते, तर दुसऱ्या अवस्थेंत आज्ञा देते.

हा संपादक अमेरिकेंत, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बिल जॉय यांनीं १९७६ सालीं रचला. ज्या एडीएम-३ए यंत्रावर ते काम करीत, त्यावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के व एल यांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही आज्ञावस्थेंत याच कळांनीं डावीकडे, खालीं, वर व उजवीकडे जातां येतें. १९९१ सालीं ब्राम मूलेनार यांनीं याच पद्धतीचा ‘व्हिम’ प्रसिद्ध केला.

संपादक उघडतांच आज्ञावस्था असते. ‘आय’ दाबल्यास खुणेच्या आधीं, ‘ए’ दाबल्यास खुणेनंतर, व ‘ओ’ दाबल्यास खालच्या नव्या ओळींत लेखन सुरू होतें. ‘एस्केप’ दाबतांच पुनः आज्ञावस्था येते. त्या जुन्या यंत्रावर एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागीं, बोटांच्या अगदीं जवळ होती. आतां ती कोपऱ्यांत गेली आहे. तिच्याऐवजीं कंट्रोल दाबून धरून डावा चौकोनी कंस दाबला, तरी तेंच कार्य होतें.

आरंभीं आम्हीही फसलों. लेखनावस्था आहे असें समजून आम्ही ‘सर’ हा शब्द इंग्रजींत लिहूं लागलों. पहिल्या ‘एस’नें खुणेखालचें अक्षर पुसून लेखन सुरू केलें, आणि मजकुरांत केवळ ‘आय-आर’ उमटलें! अशा वेळीं घाबरूं नये. एस्केप दाबून ‘यू’ दाबावें, म्हणजे झालेला बदल मागें घेतला जातो.

मराठी लिहिणारांस आणखी एक सावधगिरी हवी. इन्स्क्रिप्ट पद्धतींत ‘आय’च्या कळेवर ‘ग’ आहे. एस्केप दाबल्यावरही कळफलक देवनागरींतच राहिला, तर संपादकास ‘आय’ न मिळतां ‘ग’ मिळतो, व आज्ञा निष्फळ होते. यास्तव अवस्था बदलतांना लिपीही बदलावी.

सारांश, बोट कळेवर ठेवण्यापूर्वीं आपण कोणत्या अवस्थेंत आहों, हें ओळखावें. संशय आल्यास एस्केप दाबावें; ती एकदां अधिक दाबल्यानें मजकुराची हानि होत नाहीं. न पाहतां दाबलेल्या एका कळेनें मात्र लिहिलेली ओळ बिघडते.