गाडीचे ऑइल, पाणी आणि ब्रेक



आपल्या देणग्यांवर चालणारी जीप मोखाडा तालुक्यातील पाड्यांवर फिरते. औषधे, वसतिगृहाचे धान्य आणि अडीअडचणीला रुग्णही तिच्यातूनच जातात. त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला रुग्ण न्यायचा, तर घाट चढायचा आणि परतताना तोच उतरायचा. वाटेत गाडी बंद पडली तर दुसरी मिळेपर्यंत रुग्णाने काय करावे? म्हणून दर सोमवारी सकाळी, इंजिन थंड असताना, चालकदादा आणि मी बोनेट उघडून पाहतो. ज्यांच्या दारी गाडी आहे त्या सर्वांना हे जमेल. मिस्त्री लागत नाही.

आधी इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी उभी हवी. पट्टी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. जास्त भरलेलेही वाईटच, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर लवकरच काळे पडते, त्याने घाबरू नये. दुधाळ चहासारखे दिसले, तर मात्र त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले असण्याची शक्यता असते. अशी गाडी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चालवू नये.

चढावर इंजिन तापते, तेथे कूलंटची परीक्षा होते. बाजूच्या टाकीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात, त्यावरून कळते. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, उकळते पाणी थेट तोंडावर उडते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार आत साचून मार्ग बुजवतात, म्हणून कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे. अडल्या वेळी साधे पाणी घालून घर गाठावे, पण नंतर ते काढून टाकावे.

उतारावर सगळा भार ब्रेकवर. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते इंजिनच्या ऑइलसारखे तेल नव्हे, आणि या नावानेच घोटाळा होतो. त्याच्या जागी इंजिन ऑइल घातले तर आतील रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते, तेच घालावे. शिवाय ते हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिले की ते उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. आमच्याकडच्या पावसाळ्यात हवा किती दमट असते हे सांगायला नको! म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, आणि उतारावर खालचा गिअर ठेवावा.

त्याची पातळी खाली गेली, तर नुसते वरून भरून समाधान मानू नये. ब्रेक पॅड झिजले असतील किंवा कुठेतरी गळती असेल. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर गाडी तिथेच थांबवलेली बरी.

पाणी घालायची बॅटरी असेल तर प्लेटी बुडतील एवढे डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड नव्हे. वायपरची टाकीही पाहावी. जूनमध्ये चिखल उडू लागला की तिची आठवण सगळ्यांनाच येते.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. स्वच्छ पाण्याचे थेंब बहुधा एसीचे असतात. काळसर तेलकट डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी बहुधा कूलंटचा. आमच्या जीपमध्ये एक वहीही असते: तारीख, किलोमीटर, काय किती घातले. कूलंट दोन-तीन सोमवार लागोपाठ कमी झाले की ती वही घेऊनच आम्ही गॅरेजला जातो.