‘मॅडम, गॉगल काढून बघा’

हे मला ज्याने ऐकवलं त्याच्याकडे एव्हिऑनिक्सचं लायसन्स आहे, माझ्याकडे इन्स्ट्रक्टरचं. पोलराइज्ड गॉगलमधून एलसीडी स्क्रीन काळी दिसू शकते, मान तिरकी केली की परत उजळते, हे खरंच आहे. म्हणून तर आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात असले गॉगल घरी ठेवायला सांगतो. मी स्वतः साधा, नुसत्या रंगीत काचांचा वापरते. तसं सांगितलं, तर म्हणाला, ‘‘तरी एकदा काढून बघा ना.’’ हँगरमध्ये माझेच विद्यार्थी ऐकत उभे होते.

आमचं सेसना १७२ जुनं, गोल डायलवालं. त्यात नंतर टचस्क्रीन नॅव्हिगेटर बसवलेला: जीपीएस, रेडिओ, व्हीओआर सगळं एकाच डब्यात. बनवणाऱ्या कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन आलं, सिस्टिम सॉफ्टवेअर अपडेट करायचं ठरलं. आमच्या स्कूलमध्ये एव्हिऑनिक्सचा माणूस नाही, म्हणून बाहेरच्या मान्यताप्राप्त शॉपला काम दिलं. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहून काही होतही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणात तिची सोयीस्कर गल्लत केली गेली. डेटाबेस वेगळा आणि सॉफ्टवेअर वेगळं. डेटाबेस म्हणजे विमानतळ, धावपट्ट्या, वेपॉइंट, फ्रिक्वेन्सी. तो जगभर एआयरॅकच्या वेळापत्रकाप्रमाणे दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलतो. कार्ड लावायचं, भरून घ्यायचं, तारीख तपासायची, संपलं. सिस्टिम सॉफ्टवेअर बदललं की डबा आतून बदलतो. आणि या दोहोंच्या मागे तिसरी गोष्ट असते, कॉन्फिगरेशन. हा डबा कुठल्या विमानात बसला आहे, त्याला कोणकोणती यंत्रं जोडली आहेत, स्क्रीनचा उजेड कशावरून कमीजास्त करायचा, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. ती पानं पायलटला एरवी दिसत नाहीत. इंजिनिअरनेच उघडायची, इंजिनिअरनेच बंद करायची. शॉपचे लोक पुढे दर फोनवर ‘डेटाबेसचा इश्यू असेल’ म्हणत राहिले. डेटाबेसमुळे स्क्रीन काळी पडत नाही हो!

विमान परत आलं, सीआरएसवर, म्हणजे ते सेवेत परत सोडण्याच्या दाखल्यावर, सही झाली, आणि मी चेक फ्लाइटला गेले. एरवी क्रूझला ताशी ३४ लिटरच्या आसपास इंधन दिसतं, तिथे ९ दिसत होतं. लिटरचे गॅलन झाले होते. नकाशा आम्ही उड्डाणाची दिशा वर ठेवून वापरतो, तो उत्तर वर करून बसला होता. उपग्रहांच्या पानावर ‘गगन’समोरची खूण गेली होती. ‘गगन’ ही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची, जीपीएसची चूक सुधारून देणारी आपली यंत्रणा. तिच्या आधारे २०२२च्या एप्रिलमध्ये किशनगडला इंडिगोचं एटीआर उतरवून दाखवलं होतं. आणि आमच्या डब्यात ती बंद. उतरल्या उतरल्या मी विचारलं. उत्तर आलं, ‘‘मॅडम, नव्या व्हर्जनमध्ये तसंच येतं. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन करून घ्या.’’ करून घेतलं. पण टेक लॉगमध्ये तिन्ही गोष्टी लिहून ठेवल्या. आज हे सगळं ठामपणे लिहू शकते ते त्या तीन ओळींच्या जोरावर.

मग एप्रिलमधली ती सकाळ. एका विद्यार्थ्याला घेऊन सोलापूरच्या बाजूला क्रॉस-कंट्रीला निघाले होते. निघताना स्क्रीन जराशी मंद वाटत होती, पण वाचता येत होती. परतीला वळलो, तोवर ऊन चढलं होतं, आणि ते मागच्या काचेतून खांद्यावरून थेट पॅनेलवर आलं. स्क्रीन गेली. पोरगा म्हणाला, ‘‘मॅडम, जीपीएस गेला.’’ म्हटलं, बाहेर बघ. खाली भीमा होती, पुणे-सोलापूर रेल्वेचा रूळ होता, पुढे उजनीचं पाणी चमकत होतं. दिवसाच्या स्वच्छ हवेत, डोळ्यांनी उडताना, स्क्रीन गेल्याने आकाश कोसळत नाही. तो उडवत होता तेवढ्यात मी पट्टा सैल करून पुढे वाकले, नकाशाची घडी आडोशाला धरली आणि आत डोकावले. सगळं चालू होतं! जांभळ्या रेषेवर विमानाचं चिन्ह आपलं गुमान सरकत होतं. बोट लावलं की पान बदलत होतं. चित्र होतं, उजेड नव्हता.

उतरून स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, टाकला, अगदी याच शब्दांत: थेट उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, सावली धरल्यास चित्र दिसते, टच चालू, ब्राइटनेस किमान असल्यासारखा. याहून स्पष्ट काय लिहायचं? शॉपचा माणूस आला. विमान हँगरमध्ये सावलीत उभं. मास्टर स्विच टाकला, स्क्रीन लख्ख. ‘नो फॉल्ट फाउंड.’ आणि वर ते गॉगलचं. मी म्हटलं, बाहेर उन्हात काढून बघू. तर म्हणे, ग्राउंड पॉवर इथे आहे, केबल पोचत नाही.

नंतर स्क्रीन कधी नीट चालायची, कधी काळी. कशामुळे ते सापडेना. शॉपने तेवढ्यात निदानही बदललं: बॅकलाइट कमजोर झाला असेल, युनिट काढून कंपनीकडे परदेशात पाठवावं लागेल, खर्च तुमचा. अपडेटला देण्याआधी जो बॅकलाइट मेच्या उन्हातही तळपत होता, तो यांच्या हँगरमधून परत येताच कमजोर झाला! आमच्या व्यवस्थापनातले एक जण मला खासगीत म्हणाले, ‘‘तुम्ही जरा जास्तच मनावर घेताय.’’ त्यांचं नावही लिहीत नाही.

सापडलं ते असं. सीपीएलच्या, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सच्या, पोरांना रात्रीचे ५ तास भरायचे असतात, त्यामुळे काही दिवस आमच्याकडे नाइट फ्लाइंग चालतं. रात्रीची बॅच उतरली की पॅनेलच्या दिव्यांचं बटण बऱ्याचदा थोडं उघडंच राहतं. दिवसा त्या दिव्यांचा उजेड दिसत नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या सकाळी मी एप्रनवर, उन्हात, प्रीफ्लाइट करत होते. स्क्रीन काळी. चेकलिस्टमध्ये पॅनेल लाइट ‘ऑफ’ येतं, म्हणून डिमर फिरवला, तो टक् करून बंद झाला. आणि क्षणभराने स्क्रीन भक्कन उजळली.

मी तशीच बसून राहिले. परत डिमर किंचित उघडला. स्क्रीन मावळली. बंद केला. उजळली. अर्धा फिरवला, तर अर्धवट. चार-पाचदा केलं, मग मोबाइल काढून त्याचा व्हिडिओ घेतला. एका फ्रेममध्ये डिमर, माझं बोट आणि स्क्रीन. गॉगल नव्हता.

डब्याला वाटत होतं रात्र आहे. स्क्रीनचा उजेड दोन प्रकारे ठरवता येतो: स्क्रीनच्या कडेला असलेल्या फोटोसेलवरून, म्हणजे बाहेर किती ऊन आहे त्यावरून, नाहीतर विमानाच्या लायटिंग बसच्या व्होल्टेजवरून, म्हणजे पॅनेलचे दिवे किती उघडले आहेत त्यावरून. दुसऱ्या प्रकारात दिवे जरासे लागलेले असले की डबा समजतो अंधार आहे, आणि पायलटचे डोळे दिपू नयेत म्हणून स्क्रीन मंद करतो. रात्री ते बरोबरच आहे. दिवे पूर्ण बंद असले तर तो फोटोसेलकडे वळतो, म्हणून हँगरमध्ये, डिमर बंद असताना, सगळं छान. आमच्या विमानात हे आधी फक्त फोटोसेलवर ठेवलेलं होतं. कागद सापडला! डबा बसवणाऱ्या जुन्या एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) साहेबांनी इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये स्वतःच्या हाताने प्रत्येक पानावरचं सेटिंग उतरवून ठेवलं होतं. ते कधीच निवृत्त झाले. त्यांच्यासारखी माणसं आता कुठे.

अपडेटमध्ये ते पुसलं जाऊन कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेलं होतं. जसे लिटरचे गॅलन झाले, जसं ‘गगन’ गेलं, तसंच. मी पहिल्याच दिवशी लिहिलेल्या तीन ओळी नीट वाचल्या असत्या, तर शॉपला तिथेच कळलं असतं की पायलटची पानं पुसली गेली आहेत तर आपली पानंही तपासावीत.

व्हिडिओ पाठवला. दुसरा माणूस आला, कॉन्फिगरेशनचं पान उघडलं, ‘‘अच्छा, हे होतं होय,’’ म्हणाला आणि पाच मिनिटांत काम संपवलं. टेक लॉगमध्ये काय लिहिलं माहीत आहे? ‘कॉन्फिगरेशन ऑप्टिमाइझ केले.’ चुकलेलं काहीच नव्हतं म्हणे, अधिक उत्तम केलं! गॉगलवाला पुन्हा फिरकला नाही. व्हिजिट चार्जेसचं बिल मात्र आलं. मी ते शेरा मारून परत पाठवलं आहे.

आता, ज्यांच्या विमानात असला डबा आहे त्यांच्यासाठी.

अपडेटला विमान द्यायच्या आधी कॉन्फिगरेशनची नोंद मागा. बऱ्याच डब्यांतून ती कार्डावर उतरवता येते. येत नसेल तर इंजिनिअरसमोर बसून प्रत्येक पानाचा फोटो काढा. पायलटच्या सेटिंगचेही काढा: एककं, नकाशा, ‘गगन’, स्वतः साठवलेले वेपॉइंट. ‘आम्ही बॅकअप घेतो’ या शब्दावर विसंबू नका, बॅकअप दाखवा म्हणावं.

परत घेताना विमान हँगरबाहेर काढायला लावा. सूर्य मागे, मग सूर्य समोर. डिमर बंद, किंचित उघडा, अर्धा, पूर्ण. मग संध्याकाळी परत एकदा, कारण याच्या उलट प्रकारही होतो: रात्री स्क्रीन मंदच होत नाही आणि धावपट्टीचे दिवे दिसेनासे होतात. ते जास्त वाईट.

स्क्रीनवरचा कोर्स आणि बाहेरच्या इंडिकेटरची सुई जुळते का, हे जमिनीवर तपासा. जोडलेलं प्रत्येक यंत्र एकेक करून बघा. फ्लाइट मॅन्युअलमधली त्या डब्याची पुरवणी नव्या व्हर्जनची आहे ना, तेही बघा. आमच्याकडे जुनीच होती आणि ते सांगायलाही मलाच लागलं.

स्नॅग लिहिताना ‘डिस्प्ले नीट नाही’ असं लिहू नका. ऊन कुठून होतं, दिवे कसे होते, हात लावल्यावर काय झालं, ते लिहा. व्हिडिओ घ्या. कुणाची बाई-बुवा म्हणून टिंगल करायची हिंमत व्हिडिओसमोर कमी होते. आणि अपडेटनंतरचं पहिलं उड्डाण सोलोवाल्या पोराला देऊ नका, हे सांगायला नको.

काळी पडलेली स्क्रीन निदान प्रामाणिक असते. मला जास्त भीती वाटते ती चालू दिसणाऱ्या पण शिळ्या स्क्रीनची. २०२०मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, बोइंग ७८७ची वीज दर ५१ दिवसांच्या आत पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्याची सक्ती केली, ती याचसाठी: तसं न केल्यास जुना डेटा ताजा म्हणून पायलटसमोर येण्याची शक्यता होती. आमचे ९ गॅलन याच जातीचे. एखाद्या नवख्याने ते ९ लिटर समजून हिशोब केला असता तर?

आणि मागे फिरता येतं का, हे आधीच विचारून ठेवा. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये एअरबसच्या ए-३२० गटातल्या जगभरच्या सुमारे ६००० विमानांबाबत सूचना निघाली. तीव्र सौर प्रारणामुळे एका कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो, असं लक्षात आलं होतं. त्यातल्या बहुतेकांवर उपाय काय केला? आधीचं व्हर्जन परत बसवलं. आपल्याकडच्या इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेसची मिळून तीनशेवर विमानं त्यात होती. एवढ्या मोठ्या कंपन्यांना मागे जायला लाज वाटली नाही. आमच्या शॉपला मात्र मी ‘जुनं व्हर्जन घाला’ म्हटल्यावर त्यांनी असं पाहिलं, जणू मी बैलगाडी मागितली.

आमच्या दुसऱ्या सेसनाचंही अपडेट आता यायचं आहे. कुणाकडे द्यायचं ते व्यवस्थापन ठरवेल. वर्क ऑर्डरवर मी दोन ओळी आधीच घालून ठेवल्या आहेत: कामाआधी आणि कामानंतरच्या कॉन्फिगरेशनची प्रत जोडावी, आणि ब्राइटनेसची तपासणी उघड्यावर, उन्हात करावी. खाली इंजिनिअरच्या सहीसाठी जागा सोडली आहे.