रिक्षाची बॅटरी का उतरते?

पहाटे बोईसर स्टेशनात गाडी लागते. माणसे भराभर बाहेर येतात. कुणाला कारखान्यात पहिली पाळी गाठायची असते. कुणाला चिंचणीला, तारापूरला जायचे असते. रिक्षावाला बटण दाबतो. कट् कट् आवाज होतो, दिवा मंदावतो, पण इंजिन काही उठत नाही. शेजारचा रिक्षावाला सीटा भरून निघूनही जातो. मग कुणीतरी म्हणतो, "बॅटरी गेली रे, दुसरी टाक."

आमच्या माहितीतल्या एका भावाने हेच केले. उसने पैसे घेतले, नवी बॅटरी बसवली. चार दिवसांनी पुन्हा तेच! बॅटरीचा दोष नव्हताच. चार्जिंगची एक तार जोडातून सुटली होती. उसने मात्र फेडावेच लागले.

बॅटरी माठासारखी आहे. माठात भरावे तेव्हाच त्यातून काढता येते. भरण्याचे काम इंजिन करते. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक रिक्षातही एक बारकेसे वीजघर असते. इंजिन फिरले की ते फिरते आणि वीज तयार होते. रेग्युलेटर नावाची डबी ती वीज मोजून-मापून बॅटरीकडे पाठवते. तेव्हा बॅटरी उतरली तर आधी विचारावे, माठ फुटला आहे, की भरणाराच आलेला नाही?

पहिल्यांदा बॅटरीची दोन टोके बघा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत धातू लवकर गंजतो. टोकांवर पांढरा-हिरवा थर दिसला, तर तार घट्ट असूनही वीज नीट जात नाही. इंजिन बंद करा. वजा टोकाची तार आधी काढा, लावताना शेवटी लावा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून थर पुसा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून तारा घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर आतले पाणीही बघा. ते दोन रेघांच्या मध्ये हवे. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचे, नळाचे पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी बॅटरी खराब होते. ॲसिड तर वरून मुळीच घालू नका. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आता मीटर लावा. रात्रभर उभ्या रिक्षाची बॅटरी भरलेली असेल, तर सकाळी सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजा. मग इंजिन चालू करून थोडे वाढवा. काटा १३.५ ते १४.५ वर चढला तर चार्जिंग ठीक आहे. तरीही बॅटरी टिकत नसेल, तर ती म्हातारी झाली असेल, किंवा रात्री एखादा दिवा, टेप वीज खात असेल. काटा हललाच नाही, तर बॅटरी विकत घेऊ नका. फ्यूज, तारांचे जोड आणि रेग्युलेटर तपासा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरीतले पाणी आटवून टाकतो.

काहीजण तारेने ठिणगी पाडून बॅटरी 'बघतात'. हे फार वाईट! चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. एका ठिणगीने ती फुटते आणि ॲसिड डोळ्यांत जाते. जवळ विडीही ओढू नका. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून बघणेही नको, त्याने रेग्युलेटर जळतो.

मीटरचे आकडे कागदावर लिहून घ्या : 'सकाळी १२.३, इंजिन चालू १२.२'. हा कागद मेकॅनिकला दाखवा. म्हणजे तो बॅटरीचा भाव सांगण्याआधी तारा बघायला बसेल.