बडोद्याला चित्रं पाहायला जायचं तर खर्च किती?

मुंबईहून बडोदा रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. स्लीपरला माणशी साधारण तीनशे रुपये, वंदे भारतच्या चेअरकारला हजाराच्या आसपास. रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी उतरून, दिवसभर पाहून संध्याकाळी परत फिरता येतं आणि हॉटेलचा खर्च वाचतो. सोमवार आणि सरकारी सुट्ट्या टाळा. सोमवारी लक्ष्मी विलास राजवाडा बंद असतो.

सुरुवात सयाजीबागेतल्या बडोदा म्युझियमपासून करा. स्टेशनपासून बाग जेमतेम किलोमीटरभर, सामान हलकं असेल तर रिक्षाही नको. म्युझियम सरकारी असल्यामुळे भारतीयांचं तिकीट चहा-नाश्त्याच्या पैशांत निघतं, आणि त्या पैशांत इतकं पाहायला मिळणारी जागा शहरात दुसरी नाही. फोटो काढायचे असतील तर कॅमेऱ्याचं शुल्क खिडकीवरच विचारून घ्या. सयाजीराव महाराजांनी १८८७ मध्ये हे संग्रहालय स्थापन केलं. शेजारच्या चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण महायुद्धामुळे चित्रं इंग्लंडमध्येच अडकली आणि दालन उघडायला १९२१ उजाडलं. मुलं सोबत असतील तर देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी त्यांना आधी दाखवून टाका, म्हणजे पुढे घाई करणार नाहीत. मग अकोट्याच्या जैन धातुमूर्तींकडे वळा. अकोटा हा बडोद्याचाच भाग. १९५१ मध्ये तिथे हा साठा सापडला. त्यातली जीवंतस्वामींची मूर्ती शोधून काढाच. हे संन्यास घेण्याआधीचे महावीर. डोक्यावर उंच मुकुट, अंगावर दागिने, आणि उभे मात्र ध्यानस्थ, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. राजवैभव आणि विरक्ती एकाच देहात दाखवणारा तो कारागीर थोर होता. या म्युझियमला तीन तास तरी द्या. बहुतेक लोक तासाभरात बाहेर पडतात, त्याचं वाईट वाटतं.

बागेजवळच कीर्तिमंदिर आहे. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. तिकीट नाही, पण चित्रांचं दालन उघडं आहे का, ते आधी विचारा.

खरा खर्च लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात होतो. राजवाडा आणि महाराजा फतेहसिंह संग्रहालय यांची तिकिटं वेगळी असतात. दोन्ही पाहायचं तर माणशी पाचशे-सहाशे रुपये बाजूला ठेवा. हात आखडता असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: राजवाडा सोडा, संग्रहालय सोडू नका. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं इथे आहेत. सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करवून घेतली होती. आपल्या आजी-पणजींच्या देवघरात लागलेल्या तसबिरी रविवर्म्यांच्याच छापखान्यातून आल्या. पण छापील लक्ष्मी-सरस्वती पाहून मोठं झालेल्या माणसाने रविवर्म्यांचा मूळ रंग एकदा तरी डोळ्यांनी पाहावा. लुगड्याचा काठ जिथे वळतो तिथली जर, मनगटावरच्या बांगडीवर पडलेला उजेड, हे छपाईत उतरलंच नव्हतं. इथे फोटोंना परवानगी नसते, त्यामुळे मोबाईल खिशात ठेवून निवांत उभं राहता येतं.

वेळ उरला तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा मराठी वाडा, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि तिकीट लागत नाही.

शहरात फिरायला रिक्षा बरी, भाडं बसण्याआधी ठरवा; दिवसभराचे तीन-चारशे धरा. दुपारी सेव-उसळ खा, शंभराच्या आत पोट भरतं. परदेशी नागरिकांना तिकिटं बरीच महाग पडतात, तेव्हा परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं. स्लीपरने जाऊन-येऊन, राजवाडा आणि संग्रहालय दोन्हींची तिकिटं काढून, दोघांचं सगळं साडेतीन-चार हजारांत भागतं. परतीची गाडी संध्याकाळी सातनंतरचीच घ्या, नाहीतर रविवर्म्यांसमोर उभं असतानाही नजर घड्याळाकडे जाईल.