नाझका : आधी जमिनीवरून, मग विमानातून

पेरूला जाणारे बरेच प्रवासी नाझकाला जेमतेम अर्धा दिवस देतात. सकाळी यायचं, छोट्या विमानातून चक्कर मारायची, वाळवंटाच्या जमिनीवर प्राचीन काळी रेषांनी काढलेल्या माकडाच्या आणि कोळ्याच्या चित्रांचे फोटो काढायचे आणि लगेच पुढची बस पकडायची. एकट्याने फिरणाऱ्यावर कोणाच्या वेळेचं बंधन नसतं. त्याने इथे दोन रात्री मुक्काम करावा आणि विमान दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं. ही चित्रं काढली कशी, हे आधी समजलं की वरून पाहण्यात खरी गंमत आहे.

पोचायचं कसं?
लिमाहून नाझका सुमारे ४५० किलोमीटर. पॅन-अमेरिकन महामार्गाने बसला सात-आठ तास लागतात. एकटे असाल तर सकाळची बस घ्या, म्हणजे उजेडात उतरता येईल. बस थांबली की विमानाची तिकिटं विकणारे गाठतात. त्यांना आगाऊ पैसे देऊ नका. परवाना असलेल्या कंपनीकडे विमानतळावर चौकशी करा किंवा हॉटेलमार्फत जागा राखून ठेवा.

पहिला दिवस जमिनीवर
सुरुवात गावातल्या अंतोनिनी संग्रहालयापासून करा. जवळच्या काहुआची या प्राचीन तीर्थस्थळाच्या उत्खननात सापडलेली भांडी आणि कापडं इथे आहेत. रंगीत भांड्यांवरचे पक्षी आणि मासे नीट पाहा. त्यातल्या काहींचे भाऊबंद वाळवंटात भेटतात.

मग टॅक्सीने किंवा इका शहराकडे जाणाऱ्या बसने महामार्गावरच्या मनोऱ्यापाशी उतरा. वरून झाडाचं आणि दोन हातांचं चित्र स्पष्ट दिसतं. एका हाताला चारच बोटं आहेत. शेजारच्या सरड्याला मात्र हा महामार्गच कापून गेला आहे. रस्ता बांधला तेव्हा तिथे चित्र आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मनोऱ्यावरून रेषेच्या कडेकडे लक्ष द्या. वाळवंटाच्या पृष्ठभागावर लोहाच्या थराने काळपट-तांबूस झालेले दगड पसरलेले आहेत. ते उचलून कडेला रचले की खालची फिकट पिवळसर माती उघडी पडते. रेष म्हणजे एवढंच. खोली बहुतेक ठिकाणी वीतभरच. पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणून इ. स. पूर्व ५०० ते इ. स. ५०० या काळातलं हे काम आजही टिकून आहे.

तिथून थोडं पुढे मारिया राइखे यांचं संग्रहालय आहे. १९०३ साली जर्मनीत जन्मलेल्या या गणितज्ञ बाईंनी हयातभर या रेषा मोजल्या, झाडूने स्वच्छ केल्या आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारशी भांडल्या. त्यांची साधी खोली आणि समाधी इथेच आहे. १९९४ साली या रेषांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, त्यामागे त्यांचे मोठे कष्ट आहेत.

उन्हं कलताना कांतायोकचे जलमार्ग पाहा. जमिनीखालून पाणी आणणारे हे कालवे आणि त्यांच्यावरची शंखासारखी गोल उतरत जाणारी दगडी विवरं पाहिली की रेषा काढणाऱ्या लोकांच्या आयुष्यात पाण्याला केवढं मोल होतं ते उमगतं. रेषांचा संबंध पाण्यासाठीच्या विधींशी असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. काही रेषांवर फुटकी भांडी सापडली आहेत. बरीच चित्रं एकाच अखंड रेषेची आहेत, म्हणजे त्यांवरून चालत जाता येत असे.

दुसरा दिवस विमानात
उड्डाण अर्ध्या तासाचं असतं. पासपोर्ट मूळ प्रतच न्या, विमानतळ करासाठी रोख सोल (पेरूचं चलन) ठेवा. तुमचं वजन करून जागा ठरते. एकटा प्रवासी रिकाम्या जागेत सहज बसतो. दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसावं म्हणून वैमानिक प्रत्येक चित्रावर विमान डावी-उजवीकडे कलवतो. त्यामुळे पोटात ढवळतं. नाश्ता अगदी हलका करा, उलटीची गोळी आधी घ्या. कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसू नका, पंखाच्या टोकाच्या दिशेला पाहा. गुंजनपक्ष्याचं चित्र ९० मीटरहून लांब आहे, तरी पसरलेल्या मैदानात ते शोधावं लागतं.

सकाळी धुकं असू शकतं, दुपारी वारा सुटतो. उड्डाण लांबू शकतं, म्हणून त्या दिवशी दुपारच्या बसचं तिकीट काढू नका.

काळजी
टोपी आणि भरपूर पाणी घ्या. मनोऱ्यापाशी सावली नाही. रेषांच्या परिसरात पाऊल टाकायला बंदी आहे. २०१४ साली गुंजनपक्ष्याच्या चित्राजवळ गेलेल्या काही आंदोलकांच्या पावलांचे ठसे उमटले, २०१८ साली एका ट्रकने रेषा चिरडल्या. इथला ठसा पुसायला पाऊस येत नाही.

आपल्याकडेही कोकणच्या सड्यांवर, कशेळीला आणि बारसूला, जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. तिथे जाल तेव्हा कोरलेल्या रेषांवर पाय देऊ नका आणि फोटो उठून दिसावा म्हणून खडू फासू नका.