कसब्याचे बेट

ग्रीस देशाच्या दक्षिणेला, एजियन समुद्रात सँटोरिनी नावाचे बेट आहे. नकाशात ते चंद्रकोरीसारखे दिसते. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तेथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, डोंगराचे पोट रिकामे झाले, वरचे छत आत कोसळले आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. उरलेली कड म्हणजे आजचे बेट. आतल्या बाजूला पाण्यापासून जवळजवळ ३०० मीटर उंच सरळ कडा आणि बाहेरच्या बाजूला हळूहळू समुद्रात उतरत जाणारी जमीन, अशी त्याची रचना आहे.

हे बेट पाहायला येणाऱ्या प्रवाशांना चार चाकांच्या, जाड टायरांच्या मोटारसायकली भाड्याने मिळतात. पुढे वाटाड्याची गाडी, मागे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग. चढ आला की मूठ पिळायची, उतार आला की ब्रेक दाबायचा. यात मौज आहे खरी, पण एक गोष्ट हातची निसटते. बेटाची सगळी गंमत त्याच्या चढउतारांत असते आणि नेमके तेच गाडीवरच्या माणसाला जाणवत नाहीत. असे का, हे पाहण्यासाठी आपण ग्रीसला न जाता पुण्याच्या कसबा पेठेत जाऊ. तेही सायकलीवर.

कसब्यात बेट कोठून आले, असे तुम्ही विचाराल. जुन्या पुण्याचा, म्हणजे पेठा वाढण्यापूर्वीच्या गावाचा नकाशा मनाशी आणा. उत्तरेला मुठा नदी. पूर्वेला नागझरी हा ओढा. पश्चिमेला कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळणारा आंबील ओढा. या तीन पाण्यांच्या मधल्या उंचवट्यावर जे गाव वसले, तेच कसबा. भूगोलाचे शिक्षक म्हणतील, तीन बाजूंना पाणी असेल तर त्याला बेट म्हणत नाहीत, द्वीपकल्प म्हणतात. त्यांचे बरोबर आहे. पण पावसाळ्यात तिन्ही पाणी फुगले की त्या वेळच्या गावकऱ्याला हा फरक फारसा महत्त्वाचा वाटत नसावा.

यातली नागझरी आजही वाहते. भिंतींत कोंडलेली, ठिकठिकाणी झाकलेली, पण आहे. दारूवाला पुलावरून आपण तीच ओलांडतो. आंबील ओढा मात्र जुन्या जागी सापडणार नाही. अठराव्या शतकात, पेशव्यांच्या काळात, शहर वाढू लागले तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवले. आता तो दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. जुन्या पात्रावर रस्ते आणि वाडे उभे राहिले. म्हणजे कसब्याच्या तीन पाण्यांपैकी एक उघडे, एक अर्धे झाकलेले आणि एक पुसलेले आहे.

पुसलेला ओढा शोधायचा कसा? डोळ्यांनी ते जमत नाही. दोन्ही बाजूंना घरे असलेल्या गल्लीत शंभर मीटरला एक मीटर उतार असला तरी रस्ता सपाटच दिसतो. येथे सायकल मदतीला येते.

चांगल्या डांबरी रस्त्यावर, हवा नीट भरलेल्या सायकलीला होणारा चाकांचा विरोध हा सायकल आणि स्वार यांच्या एकूण वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतका, किंवा त्याहून थोडा कमी असतो. समजा, तुम्ही ५० किलोग्रॅम आणि सायकल १५ किलोग्रॅम, मिळून ६५. म्हणजे विरोध झाला सुमारे ०.६५ किलोग्रॅम वजनाएवढा. आता शंभरात एक असा उतार घ्या. उतारावर पृथ्वी सायकलीला जेवढे पुढे ओढते तेही वजनाच्या शंभराव्या हिश्श्याइतकेच, म्हणजे ०.६५ किलोग्रॅम! ओढ आणि विरोध यांची बरोबरी झाली. अशा उतारावर पेडल न मारता सायकल मिळालेल्या वेगाने चालत राहते. उतार याहून कमी असेल तर ती मंदावत थांबते, अधिक असेल तर वेग घेते. जो उतार डोळ्याला मुळीच कळत नाही तो सायकलीला असा कळतो.

चढावरही तेच. सपाट रस्त्यावर सेकंदाला ३ मीटर या बेताच्या वेगाने जाताना वरच्या स्वाराला सुमारे १९ वॉट शक्ती लागते (वाऱ्याचा विरोध या वेगाला थोडा असतो, तो सोडून देऊ). पन्नासात एक एवढाच चढ लागला की त्यात आणखी ३८ वॉटची भर पडते. बेरीज ५७. म्हणजे काम तिप्पट झाले. पायांना ते कळल्याशिवाय कसे राहील? उलट त्या चार चाकांच्या मोटारसायकलीचा हिशेब करा. दोन माणसे धरून वजन ४३० किलोग्रॅम आणि इंजिन २० अश्वशक्तीचे, म्हणजे जवळजवळ १५,००० वॉटचे, असे माना. त्याच चढासाठी, त्याच वेगाला तिला जास्तीचे २५० वॉट पुरतात. इंजिनाच्या ताकदीचा हा दोन टक्केही भाग नव्हे. मूठ केसभर अधिक पिळली की झाले. स्वाराला चढ समजत नाही याचे कारण हे आहे.

तर मग रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, निघा. गणेशोत्सवाचे दहा दिवस सोडून केव्हाही. बरोबर शिक्षक किंवा पेठेतलीच कोणी जाणती व्यक्ती वाटाड्या म्हणून हवी. तिने पुढे राहावे, बाकीच्यांनी एकामागे एक. टायरमध्ये हवा भरपूर, साखळीला तेल आणि दोन्ही ब्रेक लागणारे, हे आधी पाहून घ्यावे. प्रत्येकाच्या खिशात पेन्सिल आणि पेठेचा साधा, हाताने काढलेला नकाशा असावा. सायकल आपोआप जेथे चालली तेथे नकाशात तिच्या दिशेने बाण काढायचा. पेडल मारावे लागले तेथे काही नाही.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरून निघून, रस्ता ओलांडून कसबा गणपतीकडे जा. तेथून फडके हौद. मग गल्ल्यांतून तांबट आळी. हातोड्यांचा ठणठणाट रविवारी पहाटे ऐकू येणार नाही, पण कामाच्या दिवशी गेलात तर ही आळी दिसण्याआधी ऐकू येते. तांब्याच्या भांड्यावर तांबट जे हजारो घाव घालतात ते नक्षीपुरते नसतात. घावांनी धातूतील स्फटिकांची रचना बदलते आणि मऊ तांबे टणक होते. फार टणक झाले तर तापवून पुन्हा मऊ करावे लागते. हा विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे. आपल्याला पुढे जायचे आहे.

पुढे साततोटी चौक. नावातच सात तोट्या आहेत आणि फडके हौदाच्या नावात हौद आहे. पेशवाईत कात्रजला तलाव बांधून तेथून सुमारे आठ-दहा किलोमीटर अंतरावरच्या शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला होता. वाटेत हौद होते, त्यांतून लोक पाणी भरत. हे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, निव्वळ उतारावरून येई. उतार फार ठेवला तर पाणी जोराने धावून बांधकाम झिजवते. फार कमी ठेवला तर गाळ बसतो. मधला नेमका उतार त्या कारागिरांनी पाणसळीने साधला. नळात कोंडलेली हवा निघून जावी म्हणून जागोजाग उंच उच्छ्वास बांधले होते. तुमची सायकल आज जे मोजते आहे, त्याच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार होता.

आता पूर्वेला नागझरीकडे वळा आणि पेडल मारणे थांबवा. नंतर परत वर येऊन उत्तरेला कुंभारवेशीकडून नदीच्या दिशेने तसेच करा. नदीकडे उतार असणार हे उघडच आहे. पण तो कोठे सुरू होतो, ती जागा नेमकी टिपून ठेवा. बेटाची कड तीच. तेथे क्षणभर थांबून मागे पाहा.

हा उंचवटा सगळाच निसर्गाने दिलेला नाही. खाली खडक आहे तो आपला ओळखीचा काळा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा वाहत आला आणि थरावर थर साचत गेले. सँटोरिनीचा लाव्हा घट्ट व वायूने कोंडलेला होता, म्हणून तेथे स्फोट झाला; आपल्याकडचा पातळ, म्हणून तो दूरवर पसरला. मुठेच्या पात्राखालून मेट्रोचा बोगदा काढला तो याच खडकातून, आणि २०२४ साली सुरू झालेले कसबा पेठ स्थानक याच पेठेच्या पोटात आहे. पण खडकाच्या वर आणखी एक थर आहे, तो माणसांचा. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. मातीचे घर पडते, त्याच मातीवर नवे उभे राहते. राख, खापरे, विटांचे तुकडे तेथेच राहतात. शेकडो वर्षे हे चालले की पांढर फुगत जाते आणि वस्ती टेकाडावर येते.

ही वाढ थांबली आहे असे समजू नका. एखादा जुना वाडा पाहा. त्याच्या दारात शिरताना एक-दोन पायऱ्या खाली उतरावे लागत असेल तर वाडा खचलेला नाही, रस्ता वर आला आहे. डांबराचा जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक. पूर्वीच्या टेकाडात घर आणि रस्ता बरोबर वर जात. आता रस्ता एकटाच जातो आणि पावसाचे पाणी उंबऱ्याच्या आत येते. असे जे दार दिसेल त्यापुढे नकाशात एक फुली मारा.

सारा खटाटोप कशासाठी, हे आता सांगतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याच्या जलाशयात आले आणि १८७९ साली पुरे झालेले तेथील दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. मुठा पुण्यात शिरली. शहरातले बहुतेक पूल पाण्याखाली गेले, नदीकाठच्या पेठांतील हजारो घरे पडली. त्या दिवशी पाणी कोणत्या गल्लीत किती चढले हे रस्त्याच्या नावाने किंवा घराच्या श्रीमंतीने ठरले नाही. ते जमिनीच्या उंचीने ठरले. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. पेठेत अशी आजी-आजोबा मंडळी अजून आहेत. त्यांना विचारा, “पाणी कुठवर आलं होतं?” ते हात करून भिंतीवर जागा दाखवतील. ती जागा जमिनीपासून मोजा, तारीख घालून लिहा.

आंबील ओढ्याने आठवण करून दिली ती २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री. कात्रजच्या बाजूला मुसळधार पाऊस झाला, काठाकाठाने आवळलेल्या पात्रात पाणी मावेना आणि ते सहकारनगर, अरण्येश्वर या भागांतील घरांत घुसले. शहरात आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. ओढ्याचे पात्र अरुंद केले तरी त्याचे खोरे तेवढेच राहते. तेवढ्या डोंगरावर पडलेला तेवढाच पाऊस तेवढ्याच वाटेने येणार.

परत कसब्याकडे. सायकलीने बाण दाखवले, पण उंची किती हे सांगितले नाही. त्यासाठी गवंड्याची युक्ती वापरा. दहा-बारा मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, तीत रंगीत पाणी भरा आणि हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन सरळ काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. एकाने काठी वरच्या जागी उभी धरावी, दुसऱ्याने खालच्या जागी. नळीची दोन टोके काठ्यांना लावा. दोन्ही टोकांतले पाणी एका पातळीत येते. मग दोन काठ्यांवरील आकड्यांत जो फरक दिसतो तोच त्या दोन जागांच्या उंचीतील फरक. दहा मीटरचा एक टप्पा झाला की पुढचा. वाचताना प्रत्येक वेळी अर्धा सेंटिमीटर चूक झाली आणि सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या, तरी वीस टप्प्यांत दहा सेंटिमीटरच होतील. आपल्याला मीटर शोधायचे आहेत, तेव्हा एवढी चूक चालेल.

शनिवारवाडा ते कसबा गणपती या वाटेवर अशी मोजणी अवश्य करा, कारण आंबील ओढ्याच्या जुन्या पात्राची बाजू ही. वाट आधी चढते की आधी उतरते? मध्ये कोठे सखल पट्टा लागतो का? आणि तुमच्या फुल्या त्या पट्ट्यात अधिक पडल्या आहेत का? हे तिन्ही आकडे एकाच कागदावर मांडून पाहा.

मोजणी करताना निघालेल्या जागीच परत येऊन थांबायचे असते. चढाचे आकडे अधिक, उताराचे उणे धरून बेरीज केली तर ती शून्य आली पाहिजे. पाच-सात सेंटिमीटरचा फरक पडला तर मोजणी चांगली झाली. अर्धा मीटर पडला तर नळीत बुडबुडा शोधा आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघा.