बागेतील भूमिका-खेळ : फासा, सोंग आणि संवाद

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मैदानावरचा घाम येतो, नाहीतर घरातला कॅरम. या दोन्हींत न बसणारा एक खेळ आम्ही पाचजण गेले वर्षभर मुंबईतील एका सार्वजनिक बागेत दर रविवारी खेळत आहोत. त्याचे स्वरूप काय, तो आला कोठून आणि बागेत खेळल्याने त्यात कोणता फरक पडतो, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या खेळाला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. आम्ही त्याला 'भूमिका-खेळ' म्हणतो. एकजण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो : नदीला पूर आला आहे, पलीकडचे गाव जळते आहे, होडी एकच आहे, आता तुम्ही काय कराल? बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जे साधेल की नाही याची शंका असते, तेथे फासा टाकायचा. शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. सर्वांनी मिळून रचलेली गोष्ट तेवढी हाती उरते.

याचे मूळ युद्धखेळात आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्वित्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात फासे होते आणि निर्णय देणारा पंचही होता. पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. त्यांनी केलेला बदल साधा पण मूलगामी होता : खेळाडूच्या हाती सैन्याऐवजी एकच माणूस दिला. या खेळाचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये खुल्या परवान्याखाली आले, त्यामुळे ते आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

फाशांचे गणितही पाहण्यासारखे आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे शेकडा ५. सूत्रधाराने '१५ किंवा अधिक हवेत' म्हटले, तर यशाची शक्यता शेकडा ३०. याउलट सहा बाजूंचे दोन फासे टाकले, तर ३६ पैकी ६ प्रकारे बेरीज ७ येते. १२ मात्र एकाच प्रकारे. म्हणजे कोणता फासा निवडला यावर गोष्ट धाडसाची होणार की सावधपणाची, हे ठरते.

आता बागेविषयी. आमच्यापैकी कोणाच्याही घरी पाचजणांना तीन तास बसता येईल अशी जागा नाही. हॉटेलात बसावे तर दर तासाला काहीतरी मागवावे लागते. बाग फुकट आहे. अर्थात तिचेही नियम असतात. वारा कागद उडवतो, म्हणून परीक्षेचे पॅड व चिमटे लागतात. फासा गवतात हरवतो, म्हणून तो बुटांच्या खोक्याच्या झाकणात टाकायचा. अंधार पडला की गोष्ट असेल तेथे थांबवायची. पावसाळ्यात तर खेळच बंद.

फासे पाहून लोकांना जुगाराची शंका येते. एकदा रखवालदाराने आम्हांला उठवले. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या व्याख्येचा भर पैज लावण्यावर आहे आणि आमच्या खेळात पैसा लागतच नाही. हे त्यांना सांगितले, पण त्यांचा खरा प्रश्न निराळा होता. त्यांनी विचारले ते आम्हां दोघी मुलींनाच, "तुम्ही इथं कशाला बसलात?" शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११ सालच्या ग्रंथात हेच मांडले आहे : मुंबईत स्त्रीला घराबाहेर थांबण्यासाठी काहीतरी काम दाखवावे लागते. पुढच्या रविवारी आम्ही त्याच जागी बसलो.

माझे आजोळ सिंधुदुर्गातले. तेथे जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार होतो. संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरते आणि नट आयत्या वेळी बोलतात. आमचा खेळ मला त्याचाच दूरचा नातलग वाटतो. फरक इतकाच की दशावतारात परंपरेने स्त्रीची भूमिकाही पुरुषच करतात आणि आमच्या बागेत मी राजा होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात प्रश्न विचारला गेला की उत्तर आधी मनात शुद्ध भाषेत बसवावे लागते. तोवर दुसऱ्या कोणाचा तरी हात वर जातो. बागेत तसे करायला वेळच नसतो. रस्त्यावरच्या हॉर्नवर मात करील असा आवाज काढावा लागतो आणि राजा मालवणीत बोलला म्हणून कोणी हसत नाही. सगळे त्याच्या हुकमाची वाट पाहत असतात. वक्तृत्वाचे शिक्षण याहून स्वस्त कोठे मिळत असेल, असे मला वाटत नाही. बागेला तिकीट नाही, गोष्टीला भांडवल लागत नाही. लागते ती फक्त आपली पाळी आल्यावर बोलण्याची तयारी.